नाव नसलेले भाऊबंद : खोल समुद्रातल्या नव्या वलयी प्राण्यांचा आढावा

मृग बरसून गेला की कर्जतच्या भातखाचरांत गांडुळं वर येतात. राबातली रोपं उपटून मूठ बांधताना मुळांच्या चिखलाबरोबर एखादं हाताशी येतंच. ते तळहातावर घेऊन शेपटाकडून तोंडाकडे हलकं बोट फिरवलं, तर एवढ्या मऊ अंगावरही बारीक खरखर लागते. ही खरखर दृढरोमांची. प्रत्येक वळीवर रोवलेले हे ताठ केस मातीला धरून ठेवतात, म्हणून गांडूळ पुढे सरकतं. शाळेत वलयी प्राणीसंघ शिकवताना तीन नावं हमखास येतात : गांडूळ, जळू आणि नेरीस. पहिली दोन कर्जत-खालापूरच्या पोरांनी पायाखाली किंवा पायाला चिकटलेली पाहिलेली असतात. नेरीस समुद्रातला, त्यामुळे तो पुस्तकातल्या चित्रातच राहतो.

हा लेख त्या नेरीसच्या भाऊबंदांविषयी आहे. समुद्राच्या चार-पाच किलोमीटर खोल तळावर राहणाऱ्या वलयी प्राण्याची नवी प्रजाती सापडते कशी, तिचं वर्णन कसं होतं आणि हे काम एवढं मागे का पडलं, हा प्रश्न आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो. तळापर्यंत यंत्र पोहोचवण्याची आपली ताकद झपाट्याने वाढली. वर आलेल्या प्राण्याला ओळखून नाव देणारी माणसं त्या मानाने वाढली नाहीत. आणि ज्याला नाव नाही, त्याच्या नुकसानीची नोंद कुठल्याच कागदावर होत नाही.

घाटाखालच्या माणसाला खोल समुद्र परका वाटेल, पण पाण्याची वाट पाहिली तर तो तितका परका नाही. वळवण आणि लोणावळ्याच्या तलावांचं पाणी मुळात इंद्रायणीवाटे भीमेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला जायचं. १९१५ पासून ते खोपोलीच्या वीजघरातून खाली उतरून पाताळगंगेला मिळतं आणि खालापूर ओलांडून अरबी समुद्राकडे वळतं. कर्जतची उल्हास कल्याणवरून वसईच्या खाडीला जाते. या वाटेवर वलयी प्राणी बदलत जातात. शेतात गांडूळ, नदीच्या गाळात केसासारखे लालसर धागे, आणि जिथे पाण्याला खारेपणा येतो तिथून पॉलिकीट सुरू होतात. पॉलिकीट म्हणजे पुष्कळ दृढरोम असलेले. त्यांना प्रत्येक वळीच्या दोन्ही बाजूंना मांसल वल्ह्यांसारखे परापाद असतात आणि त्यांतून केसांचे झुपके बाहेर आलेले असतात. खाडीच्या चिखलापासून पाच हजार मीटर खोलीपर्यंत, समुद्रतळाच्या मऊ गाळात डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या प्राण्यांत बहुतेक ठिकाणी यांचीच संख्या मोठी भरते. आजवर यांच्या सुमारे बारा हजार प्रजातींना नावं मिळाली आहेत.

मराठीत या प्राण्यांसाठी सर्वांना ठाऊक असा शब्द नाही. किडा म्हटलं तर सहा पायांचा कीटक डोळ्यांपुढे येतो, जंत म्हटलं तर पोटातला. अळी तर फुलपाखराचं पोर. भाषेचा यात दोष नाही. जे रोज हाताला लागत नाही त्याला लोक शब्द करत नाहीत. पण आकारावरून ओळख ठरवली की फसगत होते, याचं एक उदाहरण आपल्या डोक्यावरच आहे. पावसात खंडाळ्याच्या बाजूला दगडाखाली गांडुळासारखा दिसणारा एक प्राणी सापडतो, ज्याला आपण देवगांडूळ म्हणतो. त्याला पाठीचा कणा असतो, जबडा असतो. तो बेडकाच्या गोतातला उभयचर आहे. खंडाळ्याच्या नमुन्यांवरून त्यातल्या एकाचं इंडोटिफ्लस बॅटर्सबी असं वर्णन एडवर्ड टेलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने केलं ते १९६० साली. मुंबई-पुणे रेल्वे घाट चढायला लागून तोवर जवळजवळ शतक उलटलं होतं. रुळाशेजारच्या प्राण्याची ही कथा, तर पाच किलोमीटर पाण्याखालच्याची काय असेल?

प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची मोजदाद लिनियसच्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे १ जानेवारी १७५८ पासून धरतात. खोल समुद्रातल्या पॉलिकीटांची पहिली मोठी खेप मिळाली ती १८७२ ते १८७६ या काळात जगप्रदक्षिणा करणाऱ्या चॅलेंजर जहाजावरून. त्यांचं वर्णन स्कॉटलंडच्या विल्यम मॅकिंटॉश यांनी १८८५ मध्ये छापलं. पण चॅलेंजर हिंदी महासागराच्या दक्षिण टोकावरून गेलं, आपल्या बाजूला फिरकलं नाही. इकडचं काम इन्व्हेस्टिगेटर या सर्वेक्षण जहाजाने केलं. त्यावर डॉक्टर म्हणून असलेल्या आल्फ्रेड अल्कॉक यांनी बंगालच्या उपसागरातून आणि अरबी समुद्रातून शेकडो प्राणी वर काढून कलकत्त्याच्या संग्रहालयात पोहोचवले. तिथल्या पॉलिकीटांची यादी पिएर फोव्हेल या फ्रेंच अभ्यासकाने १९३२ मध्ये केली, आणि १९५३ मध्ये त्यांचाच भारतीय पॉलिकीटांवरचा ग्रंथ निघाला. आजही भारतातल्या किनारी प्रयोगशाळांत नमुना ओळखायला बसलेल्या विद्यार्थ्यापुढे बहुधा तोच ग्रंथ उघडा असतो. सत्तर वर्षांपूर्वीच्या पुस्तकाची एवढी सोबत आदराची आहे, पण तीत एक घोळ दडलेला आहे. त्याकडे पुढे येतो.

मराठी मुलखाच्या सर्वांत जवळचं खोल समुद्राचं केंद्र गोव्यात आहे. दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १ जानेवारी १९६६ ला स्थापन झाली. तिच्या गवेषणी जहाजाने २६ जानेवारी १९८१ रोजी समुद्रतळावरून बहुधातुक गाठींचा पहिला नमुना वर काढला. बटाट्याएवढ्या काळ्या गाठी, मँगनीज, निकेल, तांबं, कोबाल्ट यांनी भरलेल्या, आणि वाढ दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर. त्या प्रजासत्ताकदिनाच्या बातमीत सगळं लक्ष धातूकडे होतं, ते स्वाभाविक होतं. पण गाठींबरोबर चिखल वर येतो आणि चिखलात जीव असतात. अरुण परुळेकर, हरकांत्रा, अन्सारी आणि मातोंडकर या गोव्याच्या चौघांनी मध्य हिंदी महासागराच्या अथांग तळावरल्या जीवांवरचा निबंध १९८२ मध्ये 'डीप-सी रिसर्च' या नियतकालिकात छापला. किनाऱ्यावरच्या माणसांची आडनावं आणि पाच हजार मीटर खोलीवरचे प्राणी एका पानावर आले, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

पुढे १९८७ मध्ये भारताला मध्य हिंदी महासागराच्या खोऱ्यात दीड लाख चौरस किलोमीटरचा पट्टा अन्वेषणासाठी मिळाला, त्यातला ७५,००० चौरस किलोमीटर आपण राखून ठेवला. गाठी उचलल्या तर तळाचं काय होईल हे तपासायला १९९७ मध्ये 'इंडेक्स' नावाचा प्रयोग झाला. सुमारे तीन किलोमीटर लांब आणि दोनशे मीटर रुंद पट्ट्यावर तळाचा गाळ यंत्राने उपसून वर उडवला, आणि आधी व नंतरचे नमुने ताडून पाहिले. तळाच्या जीवांची बाजू बबन इंगोले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिली. गाळातल्या मोठ्या जीवांत पॉलिकीट भरपूर होते, उपसलेल्या जागी जीवांची संख्या घटली, मग कूर्मगतीने भर होऊ लागली. अशा अभ्यासांत मोजणी बहुधा गट, कुळ, फार तर वंशापर्यंत जाते. प्रजातीपर्यंत जायला वेगळी बैठक लागते.

ती बैठक कशी असते ते जवळून पाहू. पन्नास सेंटिमीटर लांबी-रुंदीची पोलादी पेटी तारेला बांधून खाली सोडतात. पाच हजार मीटर उतरून परत यायला काही तास जातात. खाली तापमान एक-दोन अंश, एका चौरस सेंटिमीटरवर अर्ध्या टनाचा भार, आणि उजेड अजिबात नाही. पेटी डेकवर येते तेव्हा वर उष्ण कटिबंधाचं ऊन असतं, म्हणून घाई थंडाव्याची. चिखलाचे थर कापून गाळलेल्या गार समुद्रपाण्याने एक तृतीयांश मिलिमीटरहून बारीक जाळीच्या चाळणीतून धुतात. चाळणीवर जे उरतं ते बाटलीत जातं. त्यात गुलाबी रंग घातला की जीव गुलाबी होतात आणि वाळूचे कण तसेच राहतात. मग किनाऱ्यावर परतून कुणीतरी काचेच्या बशीत चमचाभर गाळ घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली चिमट्याने एकेक गुलाबी धागा वेचत बसतो. तासन्‌तास. हातात येतो तो बहुधा तुकडा : पाच मिलिमीटर लांब, मागची शेपटी तुटलेली, स्पर्शिका गळालेल्या. डोकं राहिलं असेल तर नशीब.

आता ओळख. डोक्यावर डोळे आहेत का, स्पर्शिका किती, जबडा आहे का, असल्यास त्यावर दाते किती. दृढरोम साधे आहेत की सांध्याचे, आकड्यासारखे की काट्यासारखे, आणि कितव्या वळीपासून आकडे सुरू होतात. पहिल्या दहा-बारा वळ्यांवर या खुणा मोजायच्या. नमुना मिथाइल ग्रीनमध्ये बुडवून अंगावर हिरवे पट्टे कुठे उमटतात ते टिपायचं, कारण ग्रंथींची ठेवण प्रजातीगणिक वेगळी असते. जनुकीय तपासणी करायची तर नमुना आधीच अल्कोहोलमध्ये ठेवलेला हवा. अनेक दशकं नमुने फॉर्मालिनमध्ये ठेवायची पद्धत होती. फॉर्मालिनने आकार सुंदर टिकतो, डीएनएची मात्र मोडतोड होते. म्हणून कपाटात शेकडो जुन्या बाटल्या असूनही त्यांतल्या बऱ्याच जीवांची जनुकं आज सहज वाचता येत नाहीत.

आणि मग तुलना. नवी प्रजाती म्हणायचं तर तिच्या सगळ्या जवळच्या नातलगांशी फरक दाखवावा लागतो. ते नातलग लंडन, पॅरिस, कोलकाता, वॉशिंग्टन इथल्या संग्रहालयांत बसलेले. ज्या एका नमुन्यावर नाव टेकलेलं असतं त्याला होलोटाइप म्हणतात. नाव त्या बाटलीशी कायमचं बांधलेलं. आपल्याकडे २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीचा नमुना सरकारने नेमलेल्या संस्थेकडे जमा करणं बंधनकारक आहे. वर्णन छापून आलं, नमुना जमा झाला की नाव पक्कं. कुठल्याही गटातली नवी प्रजाती पहिल्यांदा गोळा केल्यापासून तिचं वर्णन होईपर्यंत सरासरी एकवीस वर्षं जातात, असा हिशेब फ्रान्सच्या अभ्यासकांनी २०१२ मध्ये मांडला. हे वाचलं तेव्हा मी थबकलो. एकवीस वर्षांत बाटली धरणारा माणूस निवृत्त होतो.

आता फोव्हेल यांच्या पुस्तकातला घोळ. त्या पिढीची समजूत अशी की पॉलिकीट जगभर सारखेच पसरलेले असतात. त्यामुळे इंग्लंड किंवा फ्रान्सच्या किनाऱ्यावरून नाव मिळालेल्या प्रजाती भारतीय यादीत सर्रास आल्या. मार्फिसा सँग्विनिया हे ठळक उदाहरण. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या किनाऱ्यावरून वर्णिलेली ही प्रजाती पुढे जगभरातून नोंदली गेली. जनुकं आणि दृढरोम नीट तपासल्यावर तिच्या नावाखाली वेगवेगळ्या समुद्रांतल्या अनेक स्वतंत्र प्रजाती निघाल्या. म्हणजे नव्या प्रजाती शोधायला दरवेळी खोल समुद्रात जावं लागत नाही; काही आपल्याच जुन्या यादीत चुकीच्या नावाने दडलेल्या आहेत. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या ज्योत्स्ना प्रधान आणि अनिल महापात्र यांनी मेक्सिकोच्या तुलिओ व्हिलालोबोस-गेरेरो यांच्यासह पश्चिम बंगालच्या किनाऱ्यावरून दोन नव्या प्रजाती नुकत्याच वर्णिल्या. नामालिकॅस्टिस सोलेनोटोग्नाथा ही दुर्गंधी येणाऱ्या, कुजत्या खारफुटीच्या चिखलात राहते आणि तिचं नाव जबड्यातल्या नलिकांवरून पडलं. नेरीस धृतीये ही लाकडी खांबांत राहते आणि सर्वेक्षणाच्या पहिल्या महिला संचालक धृती बॅनर्जी यांचं नाव धारण करते. शाळेच्या पुस्तकातल्या नेरीसचं हे सख्खं भावंड. धरमतर-करंजाच्या खाडीचा चिखलही याहून फार वेगळा नाही.

याच व्हिलालोबोस-गेरेरो यांचं नाव खोल समुद्रातल्या एका वर्णनावरही आहे. २००९ मध्ये कोस्टारिकासमोर, सुमारे एक हजार मीटर खोल, जिथे तळातून मिथेन झिरपतो तिथे अल्विन या पाणबुडीतल्या लोकांना दहाएक सेंटिमीटरचा एक प्राणी परापादांच्या लाटा काढत पोहताना दिसला. पकडता आला नाही. २०१८ मध्ये तिथे परत गेल्यावर तो हाती लागला, आणि २०२४ मध्ये पेक्टिनेरीस स्ट्रिक्रॉटी असं त्याचं नाव झालं. स्ट्रिक्रॉट हे ती पाणबुडी चालवणारे. दिसल्यापासून पंधरा वर्षं. एकवीसच्या सरासरीपुढे हे लवकरच म्हणायचं.

खोल समुद्रातल्या वलयी प्राण्यांनी जीवशास्त्राला जे धक्के दिले त्यांची यादी लांब आहे, दोनच सांगतो. १९७७ मध्ये गालापागोसजवळ तळातल्या उष्णजलाच्या झऱ्यांपाशी माणसापेक्षा लांब नळ्यांतून लाल पिसारे बाहेर काढणारे प्राणी दिसले. १९८१ मध्ये रिफ्टिया पॅकिप्टिला हे नाव मिळालेल्या या प्राण्याला तोंड नाही आणि पोटही नाही. आतल्या जिवाणूंनी गंधकाच्या ऊर्जेवर केलेल्या अन्नावर तो जगतो. २००२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरी दरीत मेलेल्या देवमाशाच्या हाडांवर ओसेडॅक्स सापडला, वर्णन २००४ मध्ये झालं. झाडाच्या मुळांसारखे फाटे हाडात घुसवून तो आतलं अन्न शोषतो, आणि त्याचे सूक्ष्म नर मादीच्याच नळीत वस्तीला असतात. उष्ण झरे आपल्या समुद्रातही आहेत. माथेरान आणि इर्शाळचा काळा कातळ ज्या ज्वालामुखी उलथापालथीतून आला, तिच्या पाठोपाठ भारत आणि सेशेल्स वेगळे झाले आणि मधल्या भेगेवर कार्ल्सबर्ग पर्वतरांग उभी राहू लागली. बसाल्ट इथेही आणि तिथेही. तिथल्या भेगांशी राहणाऱ्या प्राण्यांची मोजणी आता कुठे सुरू होते आहे.

अरबी समुद्राचं आणखी एक वैशिष्ट्य आहे. साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटरच्या पलीकडेपर्यंत पाण्यात प्राणवायू नाममात्र असतो. मासे-खेकडे तिथे कमी. पॉलिकीट मात्र तग धरतात, काहींचे कल्ले तर खास लांब-रुंद झालेले. पाकिस्तानच्या किनाऱ्यासमोर या पट्ट्याच्या खालच्या कडेला लिनोफेरस वंशातला एक पॉलिकीट एवढा दाट आहे की तळावर बाकी कुणी दिसत नाही. तो काय खातो, गाळ कसा ढवळतो, कार्बन कुठे नेतो, यावर निबंधांमागून निबंध झाले. त्यांत त्याचं नाव 'लिनोफेरस एसपी.' असंच छापलेलं. एसपी. म्हणजे वंश कळला, प्रजाती ठरली नाही.

प्रशांत महासागरातल्या क्लॅरियन-क्लिपरटन पट्ट्यात, जिथे गाठींसाठी सर्वाधिक देशांचे परवाने आहेत, २०२३ च्या एका अभ्यासात ५,५७८ प्रजातींची नोंद निघाली आणि त्यांतल्या सुमारे नव्वद टक्क्यांना शास्त्रीय नाव नव्हतं. त्याच पट्ट्यात १९७९ मध्ये खाणयंत्राची चाचणी झाली होती. चव्वेचाळीस वर्षांनी गेल्यावर यंत्राचे चरे तसेच दिसले, काही जीव मात्र परतू लागले होते. पेरूसमोर १९८९ मध्ये नांगरलेल्या तळावरही सव्वीस वर्षांनी तेच चित्र. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या गटाने क्लॅरियन पट्ट्यातल्या पॉलिकीटांची वर्णनं एकेक कुळ घेऊन छापण्याचा जो क्रम लावला आहे, तो मला अनुकरणीय वाटतो : नमुना जहाजावर जिवंत असतानाच रंगीत छायाचित्र, लगेच अल्कोहोल, मग आकार आणि जनुकं दोन्ही, आणि सगळं खुलं.

आपल्याकडे जून २०२१ मध्ये ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल समुद्र मोहिमेला मंजुरी मिळाली. तीन माणसांना सहा हजार मीटर खाली नेणारी मत्स्य ६००० पाणबुडी चेन्नईत तयार होते आहे. जैवविविधतेचा अभ्यासही या मोहिमेत आहे आणि समुद्री जीवांचा अभ्यास करणाऱ्या कोचीच्या केंद्राकडे तसा अनुभवही आहे. पाणबुडीचं मला मनापासून कौतुक वाटतं. पण तिने वर आणलेला प्रत्येक नमुना शेवटी कुणाच्या तरी टेबलावर येणार, आणि त्या टेबलामागे पॉलिकीटांची कुळं ओळखणारा माणूस तयार व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. ही विद्या निबंधांच्या संख्येने मोजली तर मार खाते, कारण एका प्रजातीच्या वर्णनाला वर्ष जातं आणि उद्धृत करणारे मोजकेच निघतात. विद्यापीठांच्या प्राणीशास्त्र विभागांत वर्गीकरण शिकवणारा जुना प्राध्यापक गेला की ती जागा वेगळ्याच विषयाला जाते, असं मी वारंवार पाहिलं आहे. मोहिमेच्या खर्चातला छोटा वाटा जरी ठरवून अशा टेबलांना, संग्रहालयांच्या बाटल्यांना आणि परदेशातल्या होलोटाइपांच्या प्रवासाला मिळाला, तर पाणबुडीचा उपयोग कैकपट होईल.

राष्ट्रांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रासाठीचा जागतिक करार २०२३ मध्ये झाला आणि भारताने त्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये सही केली. त्यात पर्यावरण परिणामांच्या तपासणीची अट आहे. तपासणीचा कस इथेच लागतो. १९९७ मध्ये उपसलेल्या पट्ट्यावर उद्या कुणी परत पेटी सोडली आणि चौरस मीटरला पूर्वीइतकेच पॉलिकीट सापडले, तर आकडा भरला असं लिहिता येईल. पण उपसलेल्या जागी आधी धावून येणाऱ्या चिवट प्रजाती वेगळ्या असतात आणि तिथे मुळात नांदणाऱ्या वेगळ्या. परतले ते मूळचे रहिवासी की नवे उपरे, हे आकडा सांगत नाही. ते कळायला जुन्या बाटलीतल्या प्राण्याशी नव्याची वळीगणिक, दृढरोमागणिक तुलना करावी लागते. त्या बाटलीत अल्कोहोलने पुसली जाऊ नये म्हणून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी असते : अक्षांश, रेखांश, खोली, तारीख, खाली वंशाचं नाव, आणि त्यापुढे, एसपी.